चार नमस्कार

उद्या सम्राटाचा दूत येणार, म्हणून गोर्योच्या, म्हणजे जुन्या कोरियाच्या, राजवाड्यात सकाळपासून तालीम चालली होती. सम्राट स्वतः येणार नव्हता; त्याच्या जागी पडद्यामागे नुसती रिकामी खुर्ची. मी ललकारी द्यायचो आणि सगळे दरबारी जमिनीला कपाळ टेकायचे. आमच्याकडे सम्राटाला चार नमस्कार, मेलेल्या माणसाला दोन. त्यात चूक झाली तर मान माझी जाणार.

चौथा नमस्कार झाला. सगळे उठून स्तब्ध उभे राहिले. तेवढ्यात पडद्यामागे रेशीम सळसळलं.

"योमकाका, आत कोण आहे?"

समारंभाचा प्रमुख म्हातारा योम हसला. "कालची उतरली नाही वाटतं तुझी!"

तरी त्याने पडदा उचलून दाखवला. खुर्ची रिकामीच होती.

आम्ही पुन्हा चार नमस्कार केले. पुन्हा सळसळ झाली, आणि आत जमिनीला कपाळ टेकल्याचा आवाज आला. या वेळी योम हसला नाही.

"सम्राट कधी कुणापुढे वाकत नाही रे," तो पुटपुटला. "मोज."

पुन्हा सळसळ, पुन्हा कपाळ. दोन झाले.

आम्ही तिसऱ्याची वाट पाहत राहिलो. पडद्यासमोर आमच्याशिवाय कुणीच नव्हतं.