राहिलेले दोन दिवस

पास्कोलला जन्मापासून न्यूरोफायब्रोमॅटोसिस. अंगभर मऊ गाठी, म्हणून पाचूबंदरच्या धक्क्यावर भर मे महिन्यातही सदरा गळ्यापर्यंत बंद. या आजारात कॅन्सरची भीती जास्त, त्यात एक्स-रेमध्ये फुप्फुसांवर तीन डाग दिसले. ते जावेत म्हणून बायको लुईझाने नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना धरली.

सातव्या दिवशी सीटी स्कॅन बघून डॉक्टर हसले. "फुप्फुसं स्वच्छ आहेत. ते डाग पाठीवरच्या गाठींचे होते."

पास्कोलने धक्क्यावर येऊन सदराच भिरकावला. "या रे, कोनाला बघायचेत माझे तीन डाग?"

लुईझा हसत, डोळे पुसत म्हणाली, "डाग घालवायच्या नोव्हेनाचे दोन दिवस राहिलेत अजून."

पास्कोल दचकला. "मग देवबापाला आत्ताच सांग! राहू दे म्हनावं माझ्या गाठी!"