मागचा डावा कोपरा

रिकाम्या पिकअपचा मागचा डावा कोपरा खाली बसतो आणि दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडतात, अशी मालकाची तक्रार होती. मिस्त्रीने त्या चाकावरच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, एक जादा लोखंडी पाटा घातला. आठवड्याने पिकअप परत आली, कोपरा तसाच बसलेला. मिस्त्रीने आणखी एक पाटा घातला.

"आता हत्ती चढवा, शेठ."

हत्ती कोणी चढवला नाही, तरी कोपरा पुन्हा बसला.

"खरं सांगा, मागे भरता तरी काय?"

"काही नाही हो." मालकाने मागच्या उघड्या हौद्याकडे बघणं टाळलं. "धाकटा भाऊ त्या कोपऱ्यात बसायचा. पुढे जागा असली तरी तिथेच. वळणावर पडला आणि गेला. तेव्हापासून हे असं. तुम्ही तिसरा पाटा घाला."

मिस्त्रीचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, पाट्यांवर होता. त्याने घरच्या गाडीसाठी ठेवलेला जाड पाटा काढला, नट आवळले आणि जॅक सोडला. पिकअप पाटासारखी सपाट उभी राहिली.

"बघा, गेला तुमचा झुकाव."

मालकाने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. तेवढ्यात केबिनमध्ये बसलेली त्याची आई खाली उतरली. मागे जाऊन तिने त्या कोपऱ्यावर हात ठेवला, दाबून पाहिला. कोपरा हलला नाही.

"उतरवलंत ना त्याला?" ती मिस्त्रीला म्हणाली. "कुठे उतरवलंत, एवढं तरी सांगा."