आठवा रविवार आणि संथ पेटी

प्रस्तुत कथेत एका संथ पेटीचा व एका थकलेल्या जावयाचा वृत्तान्त यथामती निवेदन केला आहे. वाचकांनी तो शेवटपर्यंत वाचावा, ही नम्र विनंती.

"एक फाइल ठेवायला अकरा मिनिटं! तेवढ्यात मी नकाशा हाताने पुन्हा काढला असता, जावईबुवा!" सासरे दारातच कडाडले.

जावयाने निमूटपणे जोडे काढले व तो कपाटापुढे मांडी घालून बसला. हा लागोपाठ आठवा रविवार होता. आठवडाभर कचेरीतील संगणकांच्या तारा जोडायच्या आणि सुटीच्या दिवशी येथे येऊन बोलणी खायची, असा त्याच्या आयुष्याचा क्रम झाला होता.

कपाटात घरातील सर्व फाइली साठवणारा सर्व्हर होता. सासरे त्यास पेटी म्हणत. नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर आपले जुने नकाशे ते त्या पेटीत जतन करीत. पेटीतून फाइल काढावी तर ती हरणाच्या वेगाने येई. ठेवावी तर कासवही लाजेल.

कारण पहिल्याच रविवारी सापडले होते. लिहिण्याचा वेग वाढविणारी एक सोय पेटीत होती व तिच्या चौकटीतील खूण नाहीशी झाली होती. जावयाने खूण केली, पेटी धावू लागली. पुढील रविवारी खूण पुन्हा गायब! वीज गेल्यावर पेटीस विसर पडत असावा, या समजुतीने त्याने आतील छोटी बॅटरी बदलली, मग तार बदलली, मग डिस्कही बदलली. व्यर्थ!

"तुमच्या हाताला यश नाही हो," सासरे म्हणाले. "संसारात नाही, पेटीत तरी कुठून येणार?"

हा घाव जिव्हारी लागला. पाच महिन्यांपूर्वी एका क्षुल्लक वादावरून त्याची पत्नी माहेरी निघून आली होती. ती शेजारच्याच खोलीत असे. परंतु सात रविवारांत तिने त्याच्याशी चकार शब्द काढला नव्हता. पाण्याचा पेलादेखील सासरेच आणून आपटत.

"तुम्ही स्वतः काही दाबलं नाहीत ना, बाबा?"

"मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही! तुम्ही सांगितलंत ते वहीत उतरवलं, संपलं."

ते खरेच होते. सासऱ्यांस प्रत्येक कृती क्रमांक घालून वहीत लिहिण्याची सवय होती. बल्ब बदलण्याचीही तीत सहा कलमे होती. पेटी उघडण्याचा सांकेतिक शब्दही पहिल्याच रविवारी त्यांनी जावयाकडून लिहून घेतला होता.

जावयाने चौकट उघडली. खूण नव्हती. त्याने ती केली व डोळे मिटून क्षणभर कपाटाला डोके टेकविले.

"बाबा, हा माझा शेवटचा रविवार," तो म्हणाला. "माझी बदली झालीय. गुरुवारी निघतो. दिवसभराचा प्रवास आहे, पुन्हा येणं जमायचं नाही. दुसरा कोणीतरी बघा."

स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज एकाएकी थांबला.

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बदली," ते एवढेच म्हणाले. त्यांच्या आवाजातील धार कोठे गेली कोण जाणे.

काही वेळाने पडदा सरकला. पत्नी चहाचा कप घेऊन आली व तिने तो त्याच्यासमोर ठेवला.

"साखर कमी आहे."

"चालेल."

"चालेल काय? सांगायचं असतं. बदलीचंही सांगायचं असतं."

"कोणाला सांगू? फोन उचलतं कोण?"

"एकदा केलास आणि दमलास."

"तीनदा केला."

"दोनदा. तिसऱ्यांदा मी उचलणारच होते, तर कापलास."

"मग तू करायचास!"

"मी का करू? भांडण तू उकरलंस!"

भांडणच होते ते. परंतु पाच महिन्यांनी कानी पडलेले हे भांडण त्यास गाण्याहून गोड वाटले. पत्नी तणतणत साखरेचा डबा आणावयास आत गेली.

सासरे मेजापाशी पाठमोरे बसून वहीत काहीतरी लिहीत होते. त्यांनी लेखणी ठेवली व काठी घेतली.

"मी जरा पाय मोकळे करून येतो. आजचा उपाय वहीत लिहून ठेवा. जागा सोडलीय."

दार लागले. जावयाने वही पुढे ओढली. पेटीचे पान उघडेच होते. नकाशातल्यासारखे रेखीव अक्षर. पहिली तीन कलमे त्यानेच सांगितलेली होती. त्याखाली आणखी तीन होती.

"४. शनिवारी सायंकाळी चौकटीतील खूण काढून टाकणे.

५. रविवारी सकाळी जावईबुवांस फोन करून खूप बोलणे.

६. ज्या दिवशी कन्या आपणहून चहा आणील, त्या दिवसापासून कलम ४ व ५ रद्द."

सहाव्या कलमापुढे आजची तारीख होती. शाई अजून ओली होती.