कानातला बिल्ला

वसुबारसेच्या संध्याकाळी डॉक्टर देवश्री आली तेव्हा आक्काबाईंच्या अंगणात पूजेला शेजारणीचं नितळ वासरू उभं होतं. लंपीच्या गाठींचे व्रण राहिलेली त्यांची स्वतःची कालवड मागं गोठ्यातच होती. नव्या डीएनए लसीच्या चाचणीत देवश्रीनं गावातल्या निम्म्या वासरांना लस टोचली होती, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, हे तिलाही आजच कळलं होतं. “आक्का, लस या वासराला मिळाली, तुमच्या कालवडीला पाणीच गेलं,” ती कशीबशी म्हणाली. “लस मिळालेल्या एकाही वासराला गाठी आल्या नाहीत. हिला आल्या, म्हणूनच लसीचा गुण कळला.” आक्काबाईंनी गोठ्यात जाऊन कालवड सोडून आणली. “डागाचं जनावर चालतं व्हय पूजेला?” शेजारीण पुटपुटली. “तुज्या वासराच्या वाटचं दुखणं हिनं काढलंय,” म्हणत आक्काबाईंनी कालवडीच्या कपाळाला कुंकू लावलं, मग कानातल्या चाचणीच्या पिवळ्या बिल्ल्यालाही.