सूनरडवा

शाळेच्या परसात पोरांनी लावलेले बटाटे निघाले, म्हणून कुस्कोच्या डोंगरातल्या त्या गावात ते भाजायला ढेकळं रचून केलेली भट्टी पेटली होती. पोरं मातीनं माखून नाचत होती. यानेथच्या मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली होती, कारण तिच्या सासूनं, सेबेरिनानं, नातवाच्या हाती शाळेत लावायला मुद्दाम सूनरडव्याचं बियाणं पाठवलं होतं. अंगभर टेंगळं असलेला हा बटाटा नव्या सुनेला चारचौघांत सोलायला देतात, आणि साल जाड निघाली की सून कुचकामी.

"आठ वर्षांपूर्वी हिनं सोलला, तेव्हा बटाटा सुपारीएवढा उरला होता!" सेबेरिना जमलेल्या आयाबायांना ऐकवत होती. "तेव्हापासून माझा लेक उपाशीच आहे बिचारा."

"पोट सुटलंय त्याचं, डोळे तपासून घ्या," यानेथ फणकारली. "आणि आज तुमचं हे बियाणंच संपवते. टाका रे पोरांनो, एकूण एक टाका भट्टीत!"

पोरांना तेच हवं होतं. टेंगळांचे बटाटे धडाधड भट्टीत पडले. शेवटचा, सगळ्यात वेडावाकडा, यानेथच्या सहा वर्षांच्या रोयेरच्या मुठीत होता. त्यानं नेम धरून हात उगारला.

यानेथनं झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"तो नको रे राजा, तो बियाण्याला राहू दे. तुझी बायको यायचीये अजून."