चौथ्या बोटीची नोंद

पाणबुडीने बोट बुडवली, एवढं कागदात होतं. आतल्या चार माणसांचं पुढे काय झालं, ते नव्हतं. भावनाने स्क्रीनवरचं पान मोठं करून पाहिलं. फक्त शाईचा डाग मोठा झाला.

अमरावतीच्या त्या ऑफिसात सहा जणी दुसऱ्या महायुद्धाचे जुने कागद संगणकात चढवत. काम परदेशातल्या एका संग्रहालयाचं. एक खोटी नोंद सापडली, तर सहाही जणी घरी. भावनाच्या वाट्याला मासेमारीच्या लहान बोटी आल्या होत्या. तिने आयुष्यात एकच बोट पाहिली होती, वडाळी तलावावरची, पायडलची.

सत्तावीस बोटींची गोष्ट सारखीच. पाणबुडी वर यायची, मच्छीमारांना होडग्यात उतरवायची आणि बोट बुडवायची. होडगं कुठे गेलं, हे कोणी लिहीत नसे. रकान्याला मात्र उत्तर हवं होतं: जिवंत की मृत. रिकामा सोडला तर पुढचं पान उघडत नसे.

"मृत टाक न. चहा थंडा होऊन राहिला," शेजारची पिंकी म्हणाली.

"तू पाह्यलं काय त्याईले मरताना?"

"अन् तू पाह्यलं काय पोहताना?"

भावनाच्या वलगावच्या मनकर्णाआजीचा नियम होता: मयत पाह्यल्याबिगर कोणाले मेला म्हणू नये. या नियमावर आजीचा हरवलेला दीर एकवीस वर्षं रेशनकार्डावर टिकला, आणि एक दिवस बरोबर जेवायच्या वेळेला परत आला.

भावनाने 'जिवंत' टाकलं. मग सत्तावीसही बोटींना.

महिन्याभराने ऑफिस चालवणाऱ्या धर्मेंद्रदादांनी तिला बोलावलं.

"संग्रहालयाचा मेल हाय. तुह्याच बोटीवर."

भावनाला सहाही जणी घरी जाताना दिसल्या. "सांगा दादा."

"यादी तिकडं लोकाईनं पाह्यली. चौथ्या बोटीवाल्या एकाची बायको अजून हाय. लग्नाले तीन महिने झाले अन् हा गेला. तवापासून बाई रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढते. आता यादीत पाह्यलं, त नवरा जिवंत. संग्रहालयानं तुले धन्यवाद देल्ले."

भावनाने श्वास सोडला. "मंग काम नाही न गेलं?"

"काहून जाईन? बाईले फक्त एक माहिती पाह्यजे."

"कोणती?"

धर्मेंद्रदादांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"त्याचा पत्ता. बाई एकशे एक वर्षाची हाय, अन् घटस्फोटाची नोटीस तयार हाय."