हात आखडता

“चौघींतली एक कमी करायचीय. संध्याकाळी प्रत्येकीचे नग बघतो, मग ठरवतो,” एवढं बोलून अनिश साहेब निघून गेले. सोजराबाईला आधी घर आठवलं. तिचा नवरा अपघातानंतर अंथरुणाला खिळलेला. घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललेलं.

चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचं काम. या टेबलावर चौघी, सगळ्या ठेकेदाराच्या. टेबलाचे नियम सोजराबाईनंच सगळ्यांना विचारून घालून दिले होते. एकीला सुट्टी लागली, तर तिघींनी तिचं काम वाटून घ्यायचं. वर कुरकुर जाऊ द्यायची नाही. मागं कुणी कुणाची उणीदुणी काढायची नाहीत. सृष्टीला आईला घेऊन दवाखान्याच्या चकरा, ठकुबाईचे गुडघे धरलेले, पद्माचं पोर बारमाही आजारी. रोज कुणीतरी घरी असायचंच, तरी आकडा कधी पडला नाही. साहेबांनी तर सगळ्या विभागासमोर टाळ्या वाजवून कौतुक केलं होतं. त्या कौतुकानंच घात केला बघा. तिघींत भागतंय तर चौथी कशाला पोसायची, असं वरच्यांना वाटलं.

आज नेमक्या चौघीही हजर होत्या. सोजराबाईनं तिघींना पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

“आज कुनी फुडं पळायचं न्हाई. चौघींनी मिळून रोजच्याइतकंच भरायचं. चौघी लागत्यात, हे दिसू दे की साह्यबाला.”

ठकुबाईनं पोराची शपथ घेतली. पद्मानं, सृष्टीनंही घेतली. सोजराबाईला धीर आला. एकीचं बळ म्हणतात ते काय खोटं नाही, असं तिच्या मनात आलं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिनं हात आखडता ठेवला. मग सृष्टी पाणी प्यायलाही उठली नाही, हे तिला दिसलं. पोरीचा हात तरुण. हिनं हात आखडला तरी ही आपल्या पुढंच असणार. आपल्याला काढलं तर नवऱ्याची औषधं कोण आणणार? एखादा जास्तीचा असावा अडीनडीला, म्हणून तिनं एक जुडगा बांधून टेबलाखालच्या आपल्या पेटीत टाकला. मग आणखी एक टाकला. लाज वाटत होती, स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं, पण हात काही थांबेनात. एरवी या टेबलावर ठकुबाईच्या सुनेचा उद्धार झाल्याशिवाय दुपार सरायची नाही. आज कुणी चकार शब्द काढला नाही. बिचाऱ्या घाबरल्यात, असं सोजराबाईला वाटलं.

शिफ्ट संपली. साहेबांनी चारही पेट्या टेबलावर काढायला सांगितल्या. आपलीच पेटी जड निघणार, मैत्रिणींना तोंड कसं दाखवायचं, या धास्तीनं सोजराबाईनं मान खाली घातली होती. मग धपकन पद्माची पेटी आपटली, ती गच्च भरलेली. सृष्टीची काठोकाठ. गुडघे धरलेल्या ठकुबाईची तर झाकण न लागण्याइतकी. चौघींपैकी एकीनंही दुसरीकडे पाहिलं नाही.

साहेबांनी नग मोजले. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजले. रोजच्या दुप्पट भरले. मग ते खुर्चीत टेकले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “मी एकीलाच काढायला आलो होतो हो. पण हे तर दोघींचंच काम आहे.”